खाट तिसऱ्यांदा खोलून बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत छोट्या घरातल्या फोल्डिंग फर्निचरवर अख्खं पान आलं होतं. फोटो झकास होते, वाचलंही सगळं, आणि मग आमच्या ह्यांना म्हटलं की अहो यात खाट घरात आणायची कशी एवढंच आहे, ती घरातनं बाहेर काढायची कशी ते कुणी लिहीतच नाही. ते म्हणाले मग तू लिही की. म्हणून हा खटाटोप. पत्र लांबणार आहे, कात्री लावायची तर लावा, फक्त पावडर कोटिंगचा (म्हणजे लोखंडावर पावडर मारून भट्टीत भाजतात त्या रंगाचा) भाग तेवढा ठेवा, त्यात आमचे बरेच पैसे गेलेत.

आधी ओळख सांगते. कुपवाड एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, शाळेचे बाक, हॉस्टेलच्या कॉट अशी कामं असतात. वेल्डिंग हे बघतात, मी हिशोब, डिस्पॅच, ट्रान्सपोर्टवाल्यांशी भांडण आणि गिऱ्हाइकाच्या तक्रारी हे सगळं बघते. त्यामुळे खाट कुठं मोडते, कुठं अडकते आणि कुणाच्या जिन्यात कुणाची बोटं चेमटतात हे मला इंजिनिअरपेक्षा जास्त कळतं असं मी म्हणते, हे नाही म्हणत.

राहायला आम्ही सांगलीत, गावभागात. त्यामुळे २०१९ चा ऑगस्ट सांगितल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. आदल्या रात्रीपर्यंत सगळे म्हणत होते एवढं नाही येत, २००५ ला सुद्धा आपल्या पायरीला लागून गेलं. पहाटे पायरी गेली. मग जी धावपळ सुरू झाली ती काय सांगायची, धान्य, गॅसची टाकी, कागदपत्रं, देवघर, आणि मग खाटा.

घरात तीन खाटा. सासऱ्यांचा सागवानी पलंग, सासूबाईंची घडीची लोखंडी कॉट, आणि आमचा पाच बाय सव्वासहाचा बॉक्स बेड, शोरूममधनं हौसेनं आणलेला, खाली सामान ठेवायला कप्पे वगैरे. वर जायला जिना अडीच फुटाचा, मधे वळण. सासूबाईंची कॉट पुतण्यानं एकट्यानं बगलेत मारून वर नेली, अर्ध्या मिनिटाचं काम. पलंगाचं मला टेन्शन होतं, पण सासरे मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, घेऊन आले, चारी कोपऱ्यांच्या पाचरी खालून ठोकून काढल्या, कुसू, म्हणजे लाकडाचं खाचेत बसणारं टोक, मोकळी झाली आणि पलंगाचे सुटे तुकडे पाण्यात उभ्या असलेल्या माणसांच्या हातात. पंधरा मिनिटं सुद्धा लागली नसतील. हे त्यांनी त्याआधी कितीदा केलं होतं माहितीये? दर दिवाळीला. ढेकूण होऊ नयेत म्हणून पलंग खोलून उन्हात टाकायची पद्धत होती, आम्ही सुना हसायचो त्यांना.

आणि बॉक्स बेड. चाळीस की किती स्क्रू, त्यातले अर्धे आतल्या बाजूनं, वरनं प्लास्टिकची टोपणं चिकटवलेली. दोन-चार काढले, एकाचा आटा गेला, तो नुसताच फिरत बसला. पाणी गुडघ्याला आलं तसं हे म्हणाले सोड आता. सोडला. आठ-नऊ दिवसांनी परत आलो तर बेड तरंगून आडवा होऊन दारात अडकलेला, त्यामुळे दारच उघडेना, आणि पार्टिकल बोर्ड असा फुगलेला की चहात बुडवलेली खारी. फावड्यानं भरून काढला. अक्षरशः फावड्यानं.

तर माझा मुद्दा एवढाच आहे. आजकाल जे सुटे करून खोक्यातनं येणारे बेड मिळतात ते सगळे खोलता येतात असा लोकांचा समज आहे, तसं नसतं. ते जोडता येतात. एकदा. कंपनीला तो खोक्यात बसवायचा असतो, कंपनीच्या ट्रकात बसवायचा असतो, तुमच्या दारात पोचला की कंपनीचं काम झालं. त्यानंतर तुम्ही तो खोलणार, दुसऱ्या घरी नेणार, परत जोडणार, परत खोलणार, याचा विचार डिझाईनमध्ये कुठंच नसतो. आणि भाड्याच्या घरातल्या माणसाचं तर आयुष्यच दर अकरा महिन्यांनी खोलायचं आणि जोडायचं असतं.

आमच्या पोराचंच घ्या. तो पुण्यात. आधी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर होता, म्हणजे खोलीचं नाही तर कॉटचं भाडं, पुणेकरांना सांगायला नको. नोकरी लागल्यावर मित्रांबरोबर फ्लॅट घेतला आणि ऑनलाईन एक बेड मागवला. कंपनीचं नाव नाही लिहीत, उगाच वाद नको. आला तेव्हा खूष होता, फोटो पाठवला, तासाभरात जोडला म्हणून. तीन वर्षांत चार घरं झाली. पहिल्यांदा शिफ्ट केला तेव्हा ठीक बसला. दुसऱ्यांदा करकरायला लागला. तिसऱ्यांदा साईड पट्टीचे स्क्रू धरेचनात, पार्टिकल बोर्डाचं नुसतं पीठ बाहेर यायला लागलं. मग साहेबांनी भोकात काडेपेटीच्या काड्या घातल्या, फेविकॉल ओतला आणि वरनं स्क्रू पिळले. हा इलाज महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात माहीत आहे आणि चालतो सुद्धा, पण मग तो बेड परत खोलता येत नाही. चौथ्या घरी जाताना पॅकर्सवाल्यांनी बेड खोलायचे वेगळे पैसे मागितले आणि खोलला कसा तर हातोड्यानं.

यात लाकडाला दोष देऊन उपयोग नाही हो. पार्टिकल बोर्ड म्हणजे भुसा आणि गोंद दाबून केलेली फळी, त्यात स्क्रूचा आटा एकदाच नीट बसतो, काढून परत घातला की भोक मोठं होत जातं. ज्या जागी वारंवार खोलायचं आहे तिथं स्क्रू लाकडाला धरता कामाच नये, लोखंडाला लोखंडानं धरायला पाहिजे. म्हणजे बोल्ट आणि आतनं आडवी बॅरल नट (नळीसारखा आटेवाला तुकडा). आठ एमएमचा बोल्ट असला की त्याला सहाची अ‍ॅलन की, म्हणजे सहा कोनी चावी, लागते. सगळ्या बेडला एकाच मापाचे बोल्ट वापरा, म्हणजे एकच चावी, ती खाटेच्याच आतल्या बाजूला क्लिपमध्ये अडकवून द्या. किती रुपये वाढतील? पण नाही, तीन मापाचे स्क्रू, दोन मापाच्या चाव्या, एक कॅम लॉक (फिरवून अडकवायची चकती), आणि सगळं एका पिशवीत, जी पिशवी दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाते.

आता आमची स्वतःची फजिती सांगते, नाहीतर म्हणाल लोकांना शिकवतेय. पुराआधी आम्ही स्वतः पूर्ण वेल्डिंग केलेल्या कॉटच विकत होतो. मजबूत, आवाज नाही, गिऱ्हाईक खूष. एकदा एका हॉस्टेलची साठ कॉटची ऑर्डर होती, खोल्या दुसऱ्या मजल्यावर. टेंडरमध्ये स्वच्छ लिहिलेलं, पूर्ण वेल्डेड. पोचल्यावर कळलं की जिना तीन फुटाचा आणि वळणावर पाण्याच्या टाकीचा पाईप. साठच्या साठ कॉट बाहेरनं दोरखंड बांधून गॅलरीतनं ओढून घेतल्या, दोन दिवस गेले, एका पोराचा अंगठा काळानिळा झाला आणि आमचा नफा हमालीत गेला. शिवाय टेम्पोच्या फेऱ्या. चौदा फुटी आयशरमध्ये जोडलेल्या कॉट एकावर एक रचून सोळा बसतात, जास्त नाही. म्हणजे साठ कॉटला चार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत आपण हवा वाहून नेतोय. आता आम्ही सुट्या पाठवतो तर त्याच गाडीत नव्वद जातात आणि तरी ड्रायव्हर म्हणतो अजून दहा टाका.

कुरिअरचं तर विचारूच नका. लोकांना वाटतं भाडं वजनावर असतं. असतं, पण वजन दोन प्रकारचं. एक काट्यावरचं आणि एक जागेचं, जे जास्त येईल त्याचे पैसे. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० नी भागायची. आता सिंगल बेड जोडलेला धरा, १९० बाय ९० आणि डोक्याकडची उंची ९०. उत्तर येतं ३०८ किलो. खाटेचं खरं वजन बावीस किलो! तीच खाट खोलून १९० बाय ३० बाय १५ चा गठ्ठा बांधला की जागेचं वजन सतरा किलो, म्हणजे काट्यावरचे बावीस लागतात आणि विषय संपला. हा हिशोब पहिल्यांदा केला तेव्हा मी तीनदा कॅल्क्युलेटर दाबला.

पण १९० ची लांबी राहतेच. एवढा लांब गठ्ठा कुरिअरवाला घेताना तोंड वाकडं करतो, लिफ्टमध्ये तिरका घालावा लागतो, रिक्षात तर नाहीच. मग डोकं चाललं की साईडची पट्टी मधोमध कापून दोन तुकडे करू, आत दुसरा पाईप सरकवू, बोल्ट मारू. केलं. दिसायला छान. पहिल्याच गिऱ्हाइकाचा फोन आला की वहिनी खाट हसायला लागली. म्हणजे मधे झोल. नंतर पॉलिटेक्निकमध्ये शिकवणाऱ्या ओळखीच्या सरांनी समजावलं की दोन टोकांवर टेकलेल्या दांडीवर वाकण्याचा सगळ्यात जास्त जोर बरोबर मधे येतो, आणि तुम्ही जोड तिथंच दिलात! आता सांगितल्यावर सोपं वाटतं. मग दोन मार्ग होते, जोड मधनं हलवून टोकाकडं न्यायचा, पण मग एक तुकडा लांबच राहतो आणि तोडण्याचा उपयोग काय, किंवा जोडाच्या बरोबर खाली पाय द्यायचा. आम्ही पाय दिला. चारऐवजी सहा पाय झाले, मधल्या पायांना फिरवून उंची कमी-जास्त करायचा स्क्रू दिला कारण आपल्याकडच्या फरशा सरळ कुठं असतात. पाच फुटी बेडला तर आडवी मधली दांडी आणि तिला पाय लागतातच, नाहीतर दोन माणसांच्या वजनानं गादीखालच्या पट्ट्या खोलगट होतात आणि सकाळी दोघंही मधे.

आता पावडर कोटिंग. आम्हाला बिनबोल्टचा जोड पाहिजे होता, म्हणजे पुराच्या रात्री चावी शोधायला नको. असा जोड असतो, पलंगाच्या पट्टीच्या टोकाला लोखंडी प्लेट आणि तिला खाली वाकलेले दोन आकडे, पायाच्या पाईपला दोन खाचा, आकडे खाचेत घालायचे आणि वरनं हातानं दाबायचं. आकडा थोडा पाचरीसारखा उतरता ठेवला की माणूस जितका बसेल तितका जोड घट्ट होतो, आणि काढताना पट्टीला खालनं एक ठोसा दिला की सुटतो. सासऱ्यांना दाखवलं तर म्हणाले ही पाचरच आहे की रे, लोखंडाची. बरोबर आहे. तर आम्ही लेझर कटिंगवाल्याकडनं प्लेटी अगदी काटेकोर मापाच्या कापून आणल्या, कच्च्या लोखंडावर लावून बघितल्या, लोण्यासारख्या बसल्या. चाळीस सेट कोटिंगला पाठवले. परत आले आणि एकही बसेना. कोटिंगचा थर साधारण साठ ते ऐंशी मायक्रॉनचा असतो (हजार मायक्रॉन म्हणजे एक एमएम), पण तो खाचेच्या दोन्ही कडांना चढतो आणि आकड्याच्याही दोन्ही बाजूंना चढतो, शिवाय कडेला जरा जाडच बसतो. चाळीस सेटच्या तीनशे वीस खाचा दोन पोरांनी आणि मी कानशीनं घासल्या, आणि जिथं घासलं तिथं कोटिंग गेलं, म्हणजे पहिल्याच पावसाळ्यात गंज. तेव्हापासून खाच अर्धा एमएम ढिली ठेवतो आणि पाचरीचा उतार बाकीचं काम करतो. कुणी नवीन पोरं हा धंदा करणार असतील तर हे वाक्य कापून ठेवा.

अजून एक, जे आम्हाला पुरानंच शिकवलं. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं. तेव्हा आम्ही खाटा वर नेल्या, पण आमच्याच एका गिऱ्हाइकाच्या दोन कॉट खाली राहिल्या. पाणी ओसरल्यावर त्यांनी धुऊन पुसून वापरायला घेतल्या, लोखंडाला काय होतंय म्हणून. दीड वर्षानं एका कॉटचा पाय बसता बसता मोडला. कापून बघितला तर आत नदीचा गाळ सुकून बसलेला आणि पाईप आतनं खाल्लेला, बाहेरनं रंग अगदी नवा. पायाला खाली प्लास्टिकचं बूट असतं ना, फरशीवर ओरखडे पडू नयेत म्हणून, त्यानंच पाणी आत कोंडून ठेवलं होतं. आता प्रत्येक पायाला खाली पाच एमएमचं भोक असतं आणि बूट हातानं निघतं. गिऱ्हाईक विचारतं हे भोक कशाला, मी म्हणते नदीला जायला वाट.

घडीच्या कॉटबद्दल पण बोलायला पाहिजे कारण लोक म्हणतील मग सरळ फोल्डिंगच घ्या ना. घ्या, पाहुण्यांसाठी उत्तम, दाराच्या मागं चार-पाच इंचात उभी राहते. पण रोज झोपायला नको. घडीचा सगळा भार त्या बिजागरीच्या रिव्हेटवर, आणि रिव्हेटसाठी पाईपला भोक पाडलेलं, म्हणजे पाईप जिथं सगळ्यात जास्त ताकदीचा पाहिजे तिथंच तो कमजोर. स्वस्तातल्या कॉट बघा, कायम तिथंच वाकतात. पातळ पाईप वापरला की वाकणारच, आणि गेजचा आकडा मोठा तितका पत्रा पातळ, दीड इंची चौकोनी पाईप सोळा गेजचा असला तर मीटरला एक किलो आठशे भरतो आणि अठरा गेजचा एक किलो चारशे, आणि हा चारशे ग्रॅमचा फरक गिऱ्हाइकाला दिसत नाही पण भावात दिसतो. म्हणून कॉट घेताना दिसण्यावर जाऊ नका, काट्यावर ठेवा. आणि लहान मुलं असतील तर घडीला लॉक आहे का बघा, कात्रीसारखी मिटते ती, बोटं ठेचतात. आमच्या शेजारच्या पोरीचं नख गेलं होतं.

आता कुणी म्हणेल खोलायच्या खाटेचं एवढं काय कौतुक, हे आजचं आहे का. नाहीच. इजिप्तच्या तुतनखामेनच्या थडग्यात १९२२ मध्ये जे सामान सापडलं त्यात तीन घड्यांची खाट होती, ब्राँझच्या बिजागऱ्यांची, तीन हजार वर्षांपूर्वीची. राजा होता तो, गडीमाणसं होती उचलायला, तरी घडीची खाट! आणि १८५९ मध्ये थोनेट कंपनीनं वाफेवर लाकूड वाकवून चौदा नंबरची खुर्ची काढली, सहा लाकडं आणि मोजके स्क्रू-नट, सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावायच्या आणि जहाजानं जगभर जायच्या. माझ्या दृष्टीनं त्या खुर्चीचं मोठेपण खोक्यात मावण्यात नाही, तर स्क्रू ढिला झाला की घरचा माणूस पिळू शकायचा, त्यात आहे. नंतर आयकियावाल्यांनी १९५६ पासून हाच धंदा मोठा केला, गाडीत टेबल बसेना म्हणून त्यांच्या माणसानं पाय काढले अशी गोष्ट ते सांगतात. चांगलंच केलं. नवी मुंबईत तुर्भ्याला त्यांचं दुकान आहे, मी जाऊन सगळ्या पलंगांच्या खाली वाकून बघून आले, पोरगा लाजला. काही जोड फार सुरेख आहेत, खोटं कशाला बोलू. पण आपल्याकडं त्याची जी नक्कल होते ती खोक्याची होते, जोडाची होत नाही.

पुठ्ठ्याचे बेड पण आले मधे. टोकियो ऑलिम्पिकला खेळाडूंना दिले होते, दोनशे किलो पेलतात म्हणे, एक आयरिश जिम्नॅस्ट त्यावर उड्या मारून दाखवत होता तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल. कोविडमध्ये दिल्लीला छतरपूरच्या त्या दहा हजार खाटांच्या केंद्रात सुद्धा पुठ्ठ्याचेच होते. कल्पना भारी, हलकं, स्वस्त, घडी घालून येतं, आजारानंतर सरळ रद्दीत. पण आमच्या पूरग्रस्तांच्या शाळेतल्या निवाऱ्यात ओल्या कपड्यांनी, ओल्या पायांनी लोक येतात, खाली फरशी ओली, तिथं पुठ्ठा किती तास टिकेल? तिथं लोखंडाचीच पाहिजे, पण सुटी, रचून ठेवता येणारी. पुरात तीन दिवस मी स्वतः शाळेच्या फरशीवर सतरंजीवर झोपलेय, सासूबाईंचे गुडघे दुखत होते, त्यांना खाली बसता येत नव्हतं आणि उठता येत नव्हतं, बाकावर बसून रात्र काढली त्यांनी. वर्गात एकशेवीस बाक होते आणि एक खाट नव्हती. पन्नास खाटांचे सुटे भाग एका जिन्याखालच्या खोलीत उभे मावतात, मी मोजून सांगते.

म्हणून आता मागणीचं बोलते. हॉस्टेल, आश्रमशाळा, सरकारी दवाखाने, जिथं टेंडर निघतं तिथं ते पूर्ण वेल्डेड हे वाक्य काढा. मजबुतीसाठी टाकलेलं असतं कळतं मला, पण मग मजबुतीची परीक्षा लिहा ना, अमुक किलो टाका, इतक्या वेळा खोला आणि जोडा, जोड ढिला नाही झाला पाहिजे. खोलून जोडायची चाचणी कुणीच मागत नाही. सगळे वजन किती पेलते विचारतात. आणि एकाही गठ्ठ्याचं वजन पंचवीस किलोच्या वर नको, एका माणसाला उचलता यायला पाहिजे, हमालाची पाठ पण पाठच असते.

आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या पोरांना हा प्रोजेक्ट द्या. आपल्याकडं पोरं सोलरवर चालणारी काहीतरी गाडी करतात, प्रदर्शनात ठेवतात आणि मग ती कॉलेजच्या जिन्याखाली जाते. त्याऐवजी सांगा, एक सिंगल बेड करा, गठ्ठा एक मीटरपेक्षा लांब नको, अवजार एकही नको, छोटा हत्ती टेम्पोत किती बसतात ते सांगा, आणि सत्तर वर्षांच्या आजीकडनं खोलून घ्या. बघू किती जणांचा होतो. गादीखालच्या पट्ट्यांचं तर सोपं उत्तर आहे, सगळ्या लाकडी पट्ट्या दोन नवारीच्या फितींवर ठोकायच्या, म्हणजे चटईसारखी गुंडाळी होते, एकही हरवत नाही आणि त्यांच्यातलं अंतरही सारखं राहतं. पट्ट्यांमधली फट तीन इंचाच्या आत ठेवा, नाहीतर फोमची गादी त्यातनं खाली पोट काढते.

आणि ग्राहकांना एक विनंती, दुकानात गेल्यावर बेडवर बसून बघता ना, बसू नका. दुकानदाराला म्हणा हा माझ्यासमोर खोल. जोडून दाखव नाही, खोल. जो खळखळ करेल त्याच्याकडनं घेऊ नका. माझ्यासमोर एका शोरूममधल्या पोरानं तीन वेळा मॅनेजरला फोन लावला, शेवटी म्हणाला मॅडम हा डिस्प्ले पीस आहे, हा खोलत नाही. मी म्हटलं तेच तर विचारतेय.

कागदाबद्दल पण लिहायचं राहिलं. जोडणीचा कागद खोक्यात येतो, खोक्याबरोबर जातो. आम्ही आता डोक्याकडच्या फळीच्या मागं पत्र्याची छोटी पट्टी रिव्हेटनं मारतो, त्यावर चित्र, कुठला भाग आधी काढायचा, आणि प्रत्येक भागावर पंचनं अ, आ, इ, ई असा ठसा. रंग गेला तरी ठसा राहतो. मराठीत का म्हणून एका गिऱ्हाइकानं विचारलं, मी म्हटलं हमालाला वाचायचंय ते, तुम्हाला नाही.

बाकी काय. पलंग वाचला पण त्यावर झोपणारे सासरे गेल्या वर्षी गेले, मोगरी मात्र आहे, ती मी वर्कशॉपच्या ऑफिसात टेबलावर ठेवलीय, बिलांवर वजन म्हणून. दर वर्षी मे संपता संपता आम्ही घरातल्या तिन्ही खाटा एकदा खोलतो आणि परत जोडतो, मोबाईलवर वेळ लावून, त्यांच्या दिवाळीसारखंच. यंदा धाकट्या मुलीनं तिची खाट एकटीनं सात मिनिटांत खोलली आणि जोडायला अकरा लागली, कारण मधल्या पायाचं एक बूट सोफ्याखाली गेलं होतं. ते अजून सापडलेलं नाही, तिथं सध्या रबरी चप्पल कापून लावलीय.

आपली नियमित वाचक,
गावभाग, सांगली
(नाव छापू नये, हे म्हणतात धंद्यातली माणसं चिडतील)